आखूड पायांचा सोबती

गतवर्षी पावसाळा नुकताच सुरू झाला होता. बेळगावातील आमच्या धर्मग्रामातल्या एका कुटुंबाकडे आम्ही सायंकाळी सहज गेलो होतो. चहा पुढे येतो न येतो तोच घरातील दहा वर्षांचा मुलगा मोबाइल घेऊन आमच्या शेजारी येऊन बसला. पडद्यावर एका पिलाचे छायाचित्र होते : तुकतुकीत तपकिरी अंग, लोंबते कान, लांबट देह, आणि त्या देहाखाली असून नसल्यासारखे चार पाय.

"फादर, हा मिनिएचर डॅशहंड. तुम्ही पप्पांना सांगा ना! तुमचं ते ऐकतील."

पप्पा हसले, पण मुलाची आई हसली नाही. "फादर, हौस याची आणि उस्तवार माझी," एवढेच ती म्हणाली. कोपऱ्यात बसलेल्या आजींनी मान हलविली. हा प्रश्न त्या एका घराचा नव्हे, पुष्कळ घरांचा आहे, असे आम्हांस वाटले. म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम या प्राण्याची ओळख करून घेऊ. याचे मूळ घर जर्मनी. तिकडच्या भाषेत 'डाक्स' म्हणजे बॅजर नावाचा, बिळात राहणारा, तीक्ष्ण नखांचा प्राणी. आणि 'हुंट' म्हणजे कुत्रा. बिळात शिरून बॅजरला गाठता यावे म्हणून शिकाऱ्यांनी पिढ्यानपिढ्या निवड करून हा आखूड पायांचा व खोल छातीचा कुत्रा घडविला. सशासारख्या लहान शिकारीसाठी त्याहूनही लहान वाण निघाला. इंग्लंडमध्ये या जातीचा संघ १८८१ साली निघाला, तर खुद्द जर्मनीत १८८८ साली. १९७२ सालच्या म्यूनिक ऑलिंपिकचा शुभंकर 'वाल्डी' हाही याच कुळातला.

या पूर्वेतिहासाचा आपल्या घराशी निकटचा संबंध आहे. अंगणातील गुलाबाच्या वाफ्यात पिलू खड्डा खणते, तो त्याचा खोडकरपणा नव्हे. तो त्याचा पिढीजात व्यवसाय होय. जमिनीखालून धन्यास ऐकू जावे म्हणून त्याचा आवाज देहाच्या मानाने मोठा असतो. बिळात एकट्यानेच निर्णय घ्यावयाचा असल्यामुळे स्वभाव हट्टी. मारून तो सुधारत नाही, धीराने व खाऊच्या लालचीने मात्र शिकतो. बाहेर जाऊन शौच करण्याची सवयही त्याला सावकाश लागते.

पूर्ण वाढलेला मिनिएचर साधारण पाच किलोंच्या आत राहतो. केस तीन प्रकारचे : आखूड व गुळगुळीत, लांब व मऊ, आणि राठ. ग्वाल्हेर किंवा हैदराबादसारख्या उन्हाळ्याच्या गावी आखूड केसांचा कुत्रा सांभाळणे सोपे जाते. आयुष्य साधारणतः बारा ते सोळा वर्षांचे. याचा अर्थ असा की, आज दहा वर्षांचा असलेला मुलगा कॉलेज आटोपून नोकरीच्या गावी जाईल, तेव्हाही हे जनावर दाराशी त्याची वाट पाहत बसलेले असेल, आणि त्याच्या पुढ्यात दूधभाताची थाळी ठेवणारा हात आईचा किंवा आजीचाच असेल.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. जे आखूड पाय पाहून आपण या पिलावर लुब्ध होतो, त्या पायांची किंमत त्याच्या पाठीला मोजावी लागते. पाय आखूड करणाऱ्या आनुवंशिक गुणाबरोबरच पाठीच्या मणक्यांमधील मऊ गाद्या अकाली कठीण करणारा दोषही या जातीत आला आहे. २००९ व २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनांतून त्यामागील जनुकीय बदल उघड झाले. कठीण झालेली गादी एखाद्या उडीच्या धक्क्याने, कधी काही निमित्त नसतानाही, फुटते व मज्जारज्जूवर दाब आणते. मग मागचे पाय लुळे पडतात. या जातीतील साधारण चार-पाच कुत्र्यांपैकी एकाला आयुष्यात केव्हातरी हे दुखणे गाठते. बहुधा तीन ते सात या ऐन उमेदीच्या वर्षांत.

आमच्या परिचयाच्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंकडे असाच एक कुत्रा आहे. दिवाणावरून उडी मारण्याची त्याला लहानपणापासून सवय. पाचव्या वर्षी एके सकाळी तो उठला तो पुढच्या दोन पायांवरच. बाईंनी दोन दिवस तेल चोळले, शेक दिला. डॉक्टरांकडे नेईतो उशीर झाला होता. आज त्या पोटाखाली टॉवेलचा झोळणा धरून त्याला दिवसातून चार वेळा अंगणात नेतात. "फादर, कुणी मला वेळीच सांगितलं असतं तर!" हे त्यांचे शब्द आमच्या मनात घर करून राहिले होते. त्या कुटुंबास आम्ही बाईंकडे घेऊन गेलो. मुलगा त्या कुत्र्याजवळ बराच वेळ बसला. परतताना वाटेत मोबाइल त्याच्या खिशातच होता.

वेळीच सांगावयाचे ते आम्ही येथे सर्वांसाठी लिहून ठेवतो. पिलाला बगलेत धरून लोंबकळत उचलू नये. एक हात छातीखाली व दुसरा मागच्या अंगाखाली देऊन त्याची पाठ आडवी राहील असे उचलावे. दिवाण, खुर्ची व जिना यांवरून उड्या मारू देऊ नयेत. दिवाणाला उतरती फळी लावावी व जिन्याला छोटे फाटक. गळपट्ट्याऐवजी छातीपट्टा वापरावा. वजनावर डोळा ठेवावा : पाच किलोंच्या कुत्र्याचे अर्धा किलो वाढणे म्हणजे साठ किलोंच्या माणसाचे सहा किलो वाढणे होय. पाठ वाकवून चालणे, थरथरणे, उचलताच ओरडणे, पाय लटपटणे यांपैकी एकही लक्षण दिसले तर त्याच दिवशी पशुवैद्याकडे जावे. पाय लुळे पडले असतील तर तासांचाही हिशेब धरावा. या दुखण्यात चोळणे हा उपाय नाही. ते अपायच करते.

चॉकलेट, कांदा, लसूण, द्राक्षे व मनुका ही कुत्र्यास विषासमान आहेत. नाताळात मनुका घातलेला केक मुले प्रेमाने त्याला भरवितात. ते प्रेम त्याच्या जिवावर बेतू शकते. इतर लशी दीड-दोन महिन्यांपासून सुरू होतात; रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात द्यावी आणि पुढे डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे ती पुनःपुन्हा टोचून घ्यावी. कुत्रा कितीही घरचा असो, दात लागलाच तर जखम साबणाने व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन माणसाने दवाखाना गाठावा.

पिलू घेताना त्याची आई पाहण्याचा आग्रह धरावा. आई दाखविण्यास जो टाळाटाळ करतो त्याच्याकडून पिलू घेऊ नये. केंद्र सरकारच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे पैदासकाराची नोंदणी आवश्यक असून आठ आठवड्यांहून लहान पिलू विकता येत नाही. आईबापांपैकी कोणाला पाठीचे दुखणे झाले होते काय, हे विचारावे. अंगावर ठिपक्याठिपक्यांचा रंग असलेल्या दोन कुत्र्यांची पिले दिसावयास मोहक असली, तरी त्यांतील काही आंधळी वा बहिरी निपजतात. ती मागणी आपण करू नये.

राहता राहिला आईचा प्रश्न. आम्ही मुलास एक अट घातली. कुत्रा नसतानाच एक महिना कुत्र्याचे काम करावयाचे : सकाळी सहाला उठून गल्लीच्या टोकापर्यंत फेरी, वेळच्या वेळी रिकामी वाटी धुऊन ठेवणे, रात्री झोपण्यापूर्वी पुन्हा फेरी, पाऊस असो वा नसो. पहिल्या महिन्यात त्याचे सहा दिवस चुकले. पप्पांनी रागावण्याऐवजी महिना पुन्हा मोजावयास सुरुवात केली. दुसऱ्या महिन्यात एकही दिवस चुकला नाही. शेजारी हसत, रिकाम्या हाताने छत्री घेऊन फिरणारे ते पोर पाहून आम्हांसही प्रथम हसूच आले, नंतर आले नाही.

त्या मुलाच्या फेऱ्या पाहून आम्हांस तोबीतच्या ग्रंथातील तरुण तोबिया आठवला. तो दूरच्या प्रवासास निघतो तेव्हा त्याचा कुत्राही निघतो, आणि परततानाही तो मागे चालत असतो. त्या कुत्र्याविषयी तेथे याहून अधिक काही सांगितलेले नाही. सोबत ती हीच : जाताना व येताना.

पिलू आता त्या घरी मोठे झाले आहे. दिवाणाला फळी आहे. तिच्यावर आजींनी जुन्या लुगड्याचा तुकडा ठोकून घेतला आहे, म्हणजे पाय घसरू नयेत. परवा आम्ही गेलो तेव्हा ते फळीवरून ऐटीत उतरून आमच्या पायांशी आले. आम्ही वाकून उचलू लागलो, तो आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "फादर, दोन्ही हातांनी हं!"