युद्ध संपलं, कायदा राहिला

एप्रिल १९१९च्या अखेरीस मुंबई सरकारने ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे संपादक बी. जी. हॉर्निमन यांना ताब्यात घेतलं आणि थेट इंग्लंडला जाणाऱ्या बोटीवर चढवलं. त्यांच्यावर खटला भरला नाही. जन्माने इंग्रज असलेल्या हॉर्निमन यांनी रौलट कायद्याला कडाडून विरोध केला होता, पंजाबातल्या दडपशाहीवर लिहिलं होतं. त्यांच्याविरुद्ध हत्यार काढलं ते मात्र महायुद्धासाठी केलेल्या भारत संरक्षण कायद्याचं. युरोपातल्या तोफा थंडावून तेव्हा पाच महिने उलटले होते! हॉर्निमन परतू शकले ते १९२६ साली.

हा कायदा मार्च १९१५चा. गदर क्रांतिकारकांच्या उठावाची धास्ती हे त्यामागचं कारण. विशेष न्यायाधिकरणं नेमायची, त्यांच्या निकालावर अपील नाही आणि संशय आला की कुणालाही स्थानबद्ध करायचं किंवा एखाद्या प्रांतात पाऊल ठेवू द्यायचं नाही, अशी मुभा सरकारला मिळाली. पण १९१७मध्ये त्याचा फटका बसला तो होमरूलवाल्यांना. लोकमान्य टिळकांना पंजाब आणि दिल्लीत प्रवेशबंदी झाली, अ‍ॅनी बेझंट स्थानबद्ध झाल्या. दोघांनी शत्रूला मदत केली नव्हती, स्वराज्य मागितलं होतं.

कायद्याची मुदत युद्धापुरती आणि वर सहा महिने. सरकारला हे अधिकार सोडवेनात. म्हणून कायदेमंडळातल्या हिंदी सभासदांचा विरोध डावलून मार्च १९१९मध्ये रौलट कायदा आला. ‘ना वकील, ना दलील, ना अपील’ असं लोक त्याला म्हणू लागले.

स्वराज्यात हे बदलायला हवं होतं. १९६२चं चीन युद्ध महिनाभरात थांबलं, आणीबाणी उठली १९६८च्या जानेवारीत. डिसेंबर १९७१ची लढाई दोन आठवड्यांत आटोपली, पण त्या वेळची आणीबाणीची घोषणा कायम राहिली. जून १९७५मध्ये वृत्तपत्रांवर सेन्सॉरशिप लादली गेली, ती १९७१च्या युद्धासाठी केलेल्या भारत संरक्षण कायद्याखालच्या नियमांच्या आधारे. मग कायद्याच्या नावात ‘अंतर्गत सुरक्षा’ जोडली गेली.

मिनू मसानींच्या ‘फ्रीडम फर्स्ट’ मासिकाचा मजकूर सेन्सॉरने अडवला, तेव्हा ते मुंबई उच्च न्यायालयात गेले. फेब्रुवारी १९७६मध्ये न्यायमूर्ती मदन आणि कानिया यांनी त्यांच्या बाजूने कौल दिला. सगळ्या वृत्तपत्रांना एकाच सुरात बोलायला लावणं हे सेन्सॉरचं काम नव्हे, असं त्यांनी बजावलं. ऐन आणीबाणीत असा निकाल देणं हे मोठ्या धैर्याचं काम होतं. दोनच महिन्यांनी सर्वोच्च न्यायालयाने स्थानबद्धांना सुटकेसाठी दाद मागण्याचा हक्क नाकारला. १९७१ची घोषणा रद्द झाली ती मार्च १९७७मध्ये, सरकार बदलल्यावर.