काचीगुडा : निजामाच्या रेल्वेची पाऊलखूण

वाडीहून सिकंदराबादेपर्यंतचा लोहमार्ग 1874 साली सुरू झाला आणि निजामाची रियासत मुंबई-मद्रासच्या दळणवळणाशी जोडली गेली. परंतु मराठी माणसाच्या अंतःकरणाशी अधिक निगडित आहे ती त्यानंतर सुमारे पाव शतकाने झालेली गोदावरी खोऱ्याची मीटरमापी रेल्वे, जिने मनमाडपासून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड ही मराठवाड्याची ठाणी सरकारदरबाराच्या या हैदराबाद नगरीशी बांधली. त्याच वाटेने वकील, विद्यार्थी, कारकून आणि फिर्यादी सदर अदालतीच्या, महाविद्यालयांच्या नि कचेऱ्यांच्या आशेने येथे उतरले, आणि सुलतान बाजाराच्या परिसरात मराठी वस्ती रुजली.

1916 साली बांधलेले काचीगुडा स्थानक अवश्य पाहावे. मधला भव्य घुमट, दोन्ही बाजूंचे लहान घुमट आणि मिनार यांची ती शुभ्र वास्तू रेल्वेच्या कचेरीपेक्षा एखाद्या राजप्रासादासारखी भासते; पडदानशीन स्त्रियांसाठी तेथे स्वतंत्र व्यवस्था होती. स्थानकातील छोटे रेल्वे-संग्रहालयही चुकवू नये. हे स्थानक आज ज्या दक्षिण मध्य रेल्वेत येते, तिचे मुख्यालय, 2 ऑक्टोबर 1966 पासून, सिकंदराबादेस आहे. मनमाडची गाडी आजही मिळते. वेळ असल्यास तिनेच यावे.