अठरा टायर, दोन आरसी

कळंबोलीत दुपारचे साडेबारा. मे महिना. स्टील मार्केटच्या मागच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना ट्रेलर उभे आहेत. काहींवर साखळ्यांनी आवळलेल्या कॉइल, काहींवर कंटेनर, काही नुसतेच सांगाडे. हवेत गंजाची तांबूस धूळ आहे. घाम पुसला की रुमालावर तिचा डाग उमटतो.

पत्र्याच्या फाटकातून आत शिरलं की जुन्या गाड्यांचं यार्ड. सावली फक्त गाड्यांच्या खाली, म्हणून माणसंही तिथंच बसलीत. एक क्लीनर टायरला टेकून झोपलाय. दोन दलाल मोबाइलवर बोलत येरझारा घालतायत.

माझ्यासोबतचा ड्रायव्हर जत तालुक्यातला. पंधरा वर्षं दुसऱ्याची गाडी चालवली, आता स्वतःची घ्यायचीय. बरोबर मेव्हणा आहे आणि एक म्हातारा मिस्त्री. मिस्त्रीच्या हातात टॉर्च, खिशात पेन्सिल आणि घडी घातलेला पांढरा कागद.

पहिली रांग फायनान्सवाल्यांनी ओढून आणलेल्या गाड्यांची. एका केबिनमध्ये अजून घोंगडी आहे, काचेवर वाळलेला हार आहे. हप्ते थकले, गाडी गेली. ड्रायव्हर त्या केबिनकडे बघतो आणि पुढं सरकतो. त्यापुढची हरियाणा पासिंगची गाडी भलतीच स्वस्त आहे. दिल्ली आणि आसपासच्या पट्ट्यात दहा वर्षांवरच्या डिझेल गाडीवर निर्बंध आहेत, मग ती एनओसी घेऊन इकडं येते. एक बीएस-६ गाडीही आहे, १ एप्रिल २०२० नंतरची. युरियाची टाकी, सेन्सर, वायरिंगची जाळी. मिस्त्री मान हलवतो. "हिचं काम माझ्याकडं होणार नाही. कंपनीतच न्यावं लागंल."

मग ती गाडी येते, जिच्यासाठी हे आलेत. ४०१८. चाळीस टनांची, १८० हॉर्सपॉवरची. २०१८ च्या सुरुवातीचं रजिस्ट्रेशन. पुढचा, ओढणारा घोडा सहा टायरचा, मागं तीन अॅक्सलचा कंटेनर ट्रेलर बारा टायरचा. नवा रंग उन्हात डोळ्यांवर येतो.

"साडेअठरा लाख," दलाल म्हणतो. "दादा, नवी घ्यायला गेलात तर ट्रेलरसकट पन्नास लाखांच्या घरात जाते."

मिस्त्री ऐकत नाही. तो केबिन उचलायला लावतो आणि आधी इंजिनवर तळहात ठेवतो. पटकन मागं घेतो. इंजिन तापलेलं आहे. आम्ही येण्याआधीच कुणीतरी चालू करून ठेवलं होतं. गार इंजिन पहिल्या स्टार्टला किती वेळ घेतं, कसला धूर टाकतं, हे आता कळायचं नाही. तो काही बोलत नाही, ड्रायव्हरकडे फक्त बघतो.

इंजिन चालू होतं. मिस्त्री ऑइलचं झाकण काढतो. वाफ येते, पण ढकलून येत नाही. तो झाकण उलटं करून तोंडावर ठेवतो. ते थरथरतं, उडत नाही. डिपस्टिक काढून बोटांत ऑइल चोळतो, नाकाशी नेतो. "इंजिन अजून चालंल," एवढंच म्हणतो. मेव्हण्याचा चेहरा खुलतो. ड्रायव्हरचा नाही.

आता टायर. मिस्त्री वाकून एकेकाची कड बघतो. कडेवर चार आकडे कोरलेले असतात, आधी आठवडा आणि मग वर्ष. पुढची जोडी बरी आहे. मागचे आतल्या बाजूचे सगळे टायर मात्र रिमोल्ड, आणि तेही घासलेले. बाहेरचे तेवढे चकचकीत. मेव्हणा मोजतो. आठ टायर लगेच बदलावे लागणार. एकाला बावीस हजार धरले तरी पावणेदोन लाख. साडेअठराचे इथंच सव्वावीस होतात.

ट्रेलरच्या खाली उकाडा आणखी आहे. ग्रीसचा वास, डांबरावरून उलटून येणारी धग. मिस्त्री पाठीवर सरकत जातो आणि टॉर्च मानेपाशी थांबवतो, जिथं ट्रेलरची पट्टी वर वळून घोड्यावर बसते. तिथला रंग बाकीपेक्षा जाड आहे. पेन्सिलच्या टोकानं खरवडल्यावर आत वेल्डिंगची रेघ दिसते. मी पण वाकून बघतो. बोटभर लांब, खडबडीत. "इथं तडा गेलावता," तो म्हणतो.

ट्रेलरचा ब्रेक आवळून ड्रायव्हर घोडा किंचित पुढं घेतो, मागं घेतो. जोडापाशी ठक्क आवाज येतो. सगळा भार ओढते ती दोन इंचांची किंग पिन. ती झिजलीय, की तिला धरणारा जबडा, ते सोडवल्याशिवाय कळणार नाही. इंजिन बंद करून सगळे गप्प उभे राहतात. मागच्या अॅक्सलकडून हवेची बारीक फुसफुस ऐकू येते आणि प्रेशरचा काटा सावकाश खाली सरकतो.

प्रत्येक ड्रायव्हरसोबत असा एक मिस्त्री इथं यायला हवा, असं मला मनापासून वाटतं. बरेचजण एकटेच येतात, रंग बघतात आणि टोकन टाकून जातात.

टपरीवर चहा. मेव्हणा मोबाइलवर हिशेब मांडतो. साडेपाच लाख रोख, तेरा लाख कर्ज. जुन्या गाडीला व्याज जास्त, १५ टक्के धरलं तर ४८ महिने ३६ हजारांचा हप्ता. थर्ड पार्टी विमा वर्षाला ४४ हजारांच्या आसपास. भरलेली गाडी लिटरला तीन-सव्वातीन किलोमीटर देते. ड्रायव्हरचा पगार वाचेल, कारण स्टिअरिंगवर तो स्वतःच असणार. पण न्हावाशेवा बंदराच्या रांगेत गाडी अडकली की फेरी बुडते आणि हप्त्याची तारीख तीच राहते. "काम कोण देणार, ते आधी पक्कं करू," ड्रायव्हर म्हणतो. दिवसभरात मला सगळ्यात पटलेलं वाक्य हेच.

यार्डाच्या ऑफिसात पंखा फिरतो, पण वारा लागत नाही. दलाल कागद पसरतो. घोड्याची आरसी वेगळी, ट्रेलरची वेगळी. दोघांचं रजिस्ट्रेशन स्वतंत्र असतं, चासी नंबरही स्वतंत्र. मिस्त्रीनं चासीवर कागद धरून पेन्सिल घासून आणलीय. घोड्याचा नंबर आरसीशी जुळतो. वजनाच्या रकान्यावर ड्रायव्हर बोट ठेवतो. जुलै २०१८ मध्ये केंद्रानं अॅक्सलमागची वजनमर्यादा वाढवली, मोठ्या ट्रेलरची ४९ टनांवरून ५५ वर गेली. ही गाडी त्याआधीची. हिच्या आरसीवर जे लिहिलंय, तेवढंच भरायचं. पासिंग आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांनी, पुढं दरवर्षी, आणि ही गाडी नेमकी त्या हद्दीवर आलीय.

घोड्यावर बँकेचा बोजा अजून दिसतोय. "कर्ज फिटलंय, फक्त उतरवायचं राहिलंय," दलाल म्हणतो.

मग ट्रेलरची आरसी. मालकाचं नाव दुसरंच आहे.

"तो आपलाच माणूस आहे. सही मी आणून देतो. टोकन टाका दादा, सकाळपासून दोन पार्ट्या बघून गेल्यात."

मेव्हणा पिशवीत हात घालतो. ड्रायव्हर त्याचं मनगट धरतो.

"ट्रेलरचा मालक इथं येऊ दे. २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर माझ्यासमोर सही. ३५ नंबर बँकेच्या शिक्क्यानिशी. किंग पिन सोडवून दाखवा. आणि गाडी सकाळी सहाला मी स्वतः चालू करणार, गार असताना. टायरचे आणि वेल्डिंगचे पैसे कमी करा, मग टोकनाचं बोलू."

दलाल फोन लावतो. रिंग वाजत राहते, कुणी उचलत नाही. तो दुसरा नंबर शोधायला लागतो. मिस्त्री तोवर बाहेर पडून शेजारच्या गाडीचं केबिन उचलायला सांगतोय.