श्यामची आई घराघरांत; रीटाची आई कुठे?

अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक राहिलेल्या साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिले आणि मराठी आईचे माप ठरून गेले. ही आई पोहायला घाबरणाऱ्या श्यामला मारतेही. पण तो मार मायेचा, आणि सांगणारा मुलगा.

लेकीचे काय? जळगावच्या बहिणाबाई चौधरींच्या गाण्यात माहेर म्हणजे विसावा. जात्यावरच्या ओव्यांत गाऱ्हाणे असते ते सासूचे. आईविरुद्ध बोलायची सोयच नाही.

आईच जाच करत असेल तर?

शांता गोखले यांची 'रीटा वेलिणकर' ही कादंबरी इथे महत्त्वाची. चार बहिणींत थोरली रीटा कोवळ्या वयात नोकरीला लागते आणि आईवडिलांसह सगळे घर ओढते. इथे वळ उठत नाहीत. मुलीची कमाई, तिचे तारुण्य गृहीत धरले जाते, एवढेच. पुढे ती विवाहित साहेबाच्या प्रेमात अडकते, मिळेल तेवढ्यावर भागवते आणि शेवटी मनाने कोसळून रुग्णालयात पोहोचते.

मूलच आईबापाचे पालक होते, याला मानसशास्त्रात 'पॅरेंटिफिकेशन' म्हणतात. ते ओळखणे अवघड. कारण अशा मुलीला शेजारीपाजारी 'गुणाची पोर' म्हणतात. 'नाही' म्हटले की तिला अपराधी वाटते, स्वतःची गरज सांगायची लाज वाटते.

नोकरी करणारी आई दोषी?

नाही. मूळच्या शिरपूरच्या (जि. धुळे) घरातील स्मिता पाटील यांनी 'उंबरठा'त (१९८२) कामासाठी मुलीला घरी ठेवून जाणारी सुलभा साकारली. दुरावा येतो, पण तो छळ नव्हे. घराबाहेर पडणाऱ्या बाईवर हा शिक्का मारायची घाई आपल्याकडे फार.

'त्रिभंग'मध्ये (२०२१) मात्र दुर्लक्ष जीवघेणे ठरते. लेखिका नयनतारा आपटेच्या जोडीदाराकडून मुलगी अनूचे लैंगिक शोषण होते; लिखाणात बुडालेल्या आईला ते दिसत नाही. अनू मोठेपणी आईला नावाने हाक मारते. अनूची मुलगी माशा, आईच्या अस्थिर आयुष्याला कंटाळून, पारंपरिक सासर निवडते.

दिग्दर्शिका रेणुका शहाणे या शांता गोखले यांच्या कन्या. 'रीटा'वरचा २००९ चा चित्रपटही त्यांचाच. 'त्रिभंग'मध्ये अनू जाब विचारायला येते तेव्हा नयनतारा कोमात असते. हाती उरतात त्या आत्मचरित्रासाठी केलेल्या तिच्या मुलाखतींच्या चित्रफिती.