हाकेला ओ न देणारे मूल

'ऑटिझम'साठी मराठीत रुळलेला 'स्वमग्नता' हा शब्द मूळ ग्रीक शब्दातील 'स्वतः' या अर्थाशी इमान राखणारा असला, तरी त्यातून एक गैरसमज सहज निर्माण होतो. एखादा कवी किंवा साधक तंद्रीत असावा तसे हे मूल आपखुशीने स्वतःत रमलेले आहे, आणि लाडाने किंवा धाकाने त्याला बाहेर आणता येईल, असे त्यावरून वाटू लागते. वस्तुतः स्वमग्नता म्हणजे मेंदूच्या जडणघडणीतील एक भिन्नता असून, तिच्यामुळे इतरांशी होणारी देवाणघेवाण अवघड जाते, ठरलेल्या क्रमाचा आग्रह तीव्र असतो आणि आवाज, स्पर्श, चव, प्रकाश यांची जाणीव कमालीची तीक्ष्ण किंवा कमालीची बोथट असते.

लिओ कॅनर या बालमनोविकारतज्ज्ञाने १९४३ साली अकरा मुलांच्या निरीक्षणांवरून या अवस्थेचे वर्णन केले. पुढे काही दशके आईच्या कोरडेपणामुळे मूल असे होते, हा निराधार सिद्धांत पाश्चात्त्य देशांत प्रतिष्ठेने मिरवला आणि मग मोडीत निघाला. आपल्याकडे तो पुस्तकांतून फारसा आला नाही, पण 'आई नोकरीला जाते', 'हातात मोबाइल दिला' या घरगुती निदानांतून तो आजही तितक्याच निष्ठुरपणे वावरतो. लसीमुळे स्वमग्नता होते हा दावाही असाच फोल ठरला असून, १९९८ साली तो छापणाऱ्या वैद्यकीय नियतकालिकाने २०१० साली तो लेख मागे घेतला.

दीड वर्षाचे मूल हाकेला ओ देत नाही, नजरेला नजर देत नाही, आकाशातले विमान बोट दाखवून आईला दाखवत नाही, तहान लागली तर मोठ्यांचे मनगट एखाद्या अवजारासारखे धरून माठाकडे नेते, या खुणा प्रथम घरातल्याच कोणाच्या तरी लक्षात येतात. त्यावर 'त्याचा बापही उशिराच बोलला होता' हे उत्तर बहुतेक घरांत तयार असते. हे उत्तर प्रेमापोटी दिलेले असते हे खरे, तथापि मेंदू सर्वाधिक लवचीक असतो ती वर्षे नेमकी अशा धीर देण्यातच निघून जातात. अंगणवाडी आणि शाळेत मुलांची तपासणी करून शंका वाटल्यास त्यांना जिल्हा पातळीवरील उपचारकेंद्राकडे पाठवण्याची सोय राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३ पासून आहे, हेही पुष्कळ पालकांना ठाऊक नसते.

नाशिकपुरते पाहिले, तर 'विशेष मूल' हा शब्दप्रयोग रूढ होण्याच्या कितीतरी आधी, १९७७ साली, रजनी लिमये यांनी स्वतःच्या मुलाच्या निमित्ताने मतिमंद मुलांसाठी प्रबोधिनीची शाळा उभी केली. बौद्धिक अक्षमता आणि स्वमग्नता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, जरी काही मुलांत त्या एकत्र आढळतात. परंतु निदानाची सोय नव्हती त्या काळात सर्वत्रच अनेक स्वमग्न मुले 'मतिमंद' या एकाच पाटीखाली मोजली गेली, आणि 'चौकट राजा'सारख्या चित्रपटातील मतिमंद नायकावरून अशा सगळ्याच मुलांची कल्पना करण्याची सवय प्रेक्षकांना अद्याप आहे.

उपचारकेंद्रात स्पीच थेरपी किंवा ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे अनुक्रमे बोलण्याचे आणि दैनंदिन हालचालींचे प्रशिक्षण, आठवड्यातून काही तास मिळते. उरलेला सारा वेळ घराचा असतो. 'तुला पाणी हवंय?' असे विचारल्यावर मूल 'तुला पाणी हवंय' एवढेच म्हणते, तेव्हा ते वेडावून दाखवत नसते, तर ऐकलेले वाक्य जसेच्या तसे परत करून होकार देत असते. अशा वेळी मोठ्यांनी 'मला पाणी हवंय' हे त्याच्या वतीने म्हणून पेला हातात दिला, तर 'मी' आणि 'तू' यांची अदलाबदल हळूहळू उलगडत जाते. इथेच एक चुकीचा सल्ला नडतो: शाळा इंग्रजी माध्यमाची म्हणून घरातील मराठी बंद केली जाते आणि मग ज्या आजीजवळ मूल दिवसभर असते तिच्याशीच त्याचा संवाद तुटतो. दोन भाषा ऐकल्याने स्वमग्न मुलांचे बोलणे मागे पडते, असे अभ्यासांतून दिसलेले नाही.

क्रमाचा आग्रह आणि कानांची तीक्ष्णता यांची खरी परीक्षा नाशिकमध्ये सणासुदीला होते. विसर्जन मिरवणुकीसाठी रस्ते बंद झाले की रिक्षा नेहमीचे वळण घेत नाही, आणि इतरांना किरकोळ वाटणारा हा बदल मुलाला पायाखालची जमीन सरकल्यासारखा वाटू शकतो; त्यात नाशिक ढोलाचा ठोका छातीवर आदळू लागला, की ते कान दाबून जमिनीवर लोळण घेते आणि बघे त्याला हट्ट म्हणतात. हट्ट करणारे मूल डोळ्यांच्या कोपऱ्यातून समोरच्याकडे पाहत असते, तर इथे मुलाचा स्वतःवरचा ताबाच सुटलेला असतो, त्यामुळे रागावणे किंवा खाऊचे आमिष दाखवणे दोन्ही व्यर्थ ठरते. जाणती कुटुंबे आदल्या दिवशीच चित्रांच्या पट्टीवर 'आज दुसरा रस्ता' दाखवून ठेवतात, कान झाकणारे हेडफोन पिशवीत टाकतात आणि रंगपंचमीला रहाडीपर्यंत, म्हणजे रंगाच्या सार्वजनिक हौदापर्यंत, न नेता घराच्या गच्चीत एका वाडग्यातला रंग मुलाला हवा तितकाच हाताळू देतात. त्याला 'मुलाचे लाड' म्हणणाऱ्या नातेवाइकांना समजावणे हे मात्र बहुधा एकट्या आईच्याच वाट्याला येते, आणि ही विभागणी कोणत्याही थेरपीहून आधी सुधारण्याजोगी आहे.

घराप्रमाणे कायद्यालाही ही अवस्था ओळखायला वेळ लागला. १९९५ च्या अपंग कायद्यातील सात प्रकारांत स्वमग्नता नव्हती. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने तिची दखल घेतली आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील एकवीस प्रकारांत तिला स्थान मिळाले. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी चाळीस बाबींची भारतीय मापनश्रेणी वापरली जाते, तर न्यासाच्या 'निरामय' योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्यविमा मिळतो. 'आमच्या पश्चात काय?' या पालकांच्या प्रश्नाचा एक भाग मूल अठरा वर्षांचे होताच कायदेशीर रूप घेतो, कारण त्या दिवसापासून आईवडील आपोआप त्याचे पालक राहत नाहीत. ज्याला स्वतःचे निर्णय घेणे शक्य नसते त्याच्यासाठी पालकत्वाचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे करावा लागतो. त्या समितीत नोंदणीकृत संस्थेचा एक प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्तीही असते.