गाळण्याची विद्या : नाद, चित्र आणि आकडे

संगणकाच्या दप्तरात नाद, चित्र आणि चलच्चित्र यांचे स्वतंत्र रकाने नाहीत. तेथे दाखल होणाऱ्या वस्तूची प्रथम ठरावीक अंतराने नोंद घेतली जाते आणि मग प्रत्येक नोंदीस मोजपट्टीवरील जवळचा आकडा बहाल होतो, एवढाच मूळ व्यवहार आहे. १९५७ साली अमेरिकेत रसेल कर्श यांनी आपल्या तान्ह्या मुलाचे छायाचित्र याच रीतीने यंत्रात उतरविले, तेव्हा त्याच्या एकेका बाजूस अवघे १७६ बिंदू होते.

नोंदी किती दाट असाव्यात, याचा दंडक नायक्विस्ट आणि शॅनन यांच्या नावाने प्रसिद्ध आहे : नादातील सर्वांत उच्च कंपनसंख्येच्या दुपटीहून अधिक. मानवी कानाची मर्यादा सेकंदास सुमारे २०,००० कंपनांची, म्हणून १९८२ साली बाजारात आलेल्या सीडीने सेकंदास ४४,१०० नोंदी, प्रत्येकीस १६ बिट आणि दोन मार्गिका असा हिशेब मुक्रर केला. या मापाने तीन मिनिटांचे गाणे ३ कोटी १७ लाख बाइट व्यापते. आणि १९२० बाय १०८० बिंदूंची रंगीत चौकट सेकंदास पंचवीस वेळा पालटू लागली, की दर सेकंदाचाच आकडा साडेपंधरा कोटी बाइटांवर जातो. हा भार जसाच्या तसा घरोघर वाहून नेणे सामान्य तारांस परवडणारे नव्हते.

येथे बंगळुरात जन्मलेल्या नासिर अहमद यांचे ऋण मान्य केले पाहिजे. असा भार हलका करणाऱ्या एका पद्धतीवर काम करण्यासाठी १९७२ साली त्यांनी अनुदान मागणारा पाठविलेला प्रस्ताव अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने नामंजूर केला. कल्पना फारच सोपी वाटते, हा एका परीक्षकाचा आक्षेप! (संशोधनासाठी अर्ज करणाऱ्यांनी हा दाखला जपून ठेवावा.) १९७४ च्या जानेवारीत नटराजन व राव यांच्यासह त्यांनी ती पद्धती प्रसिद्ध केली आणि पुढे जेपेग चित्राचा पाया तीच झाली. चित्राचे आठ बाय आठ बिंदूंचे तुकडे पाडून प्रत्येक तुकडा मंद व शीघ्र लहरींच्या बेरजेत मांडला, तर बहुतेक सारा आशय थोड्या मंद लहरींत गोळा होतो. उरलेल्या शीघ्र लहरी ढोबळ केल्या अथवा वगळल्या, तरी डोळा सहसा तक्रार करीत नाही. एमपी थ्री कानाच्या अशाच दुबळेपणावर उभी आहे : मोठ्या स्वराच्या छायेत दडपला जाणारा बारीक स्वर ती फारशी जपत नाही. चलच्चित्रात तर बहुतांश चौकटींचा मागच्यापुढच्या चौकटींशी असलेला फरकच तेवढा नोंदविला जातो.

माझ्या मते या शास्त्राचे खरे कौशल्य साठविण्यात नसून गाळण्यात आहे, आणि धोकाही तेथेच आहे. कारण गाळलेले परत मिळत नाही, आणि जेपेग चित्र बदलून पुन्हापुन्हा जतन केले, की प्रत्येक खेपेस आणखी काही झिजते. निरोपासाठी पाठवायच्या प्रतीत हे चालते, संग्रहातील मूळ प्रतीत नाही. म्हणून ज्यांच्या घरी जुन्या कीर्तनांच्या, वडीलधाऱ्यांच्या आवाजाच्या कॅसेटी असतील, त्यांनी पहिली प्रत वेव्हमध्ये, अथवा जागेची टंचाई असल्यास एकही बिट न गमावता आकार घटविणाऱ्या फ्लॅकमध्ये करून घ्यावी. एमपी थ्री तिच्यावरून हवी तेव्हा काढता येते.