माप खरे, तर बाजार खरा : क्रोएशियाची दगडी बंदरे

युरोपात ॲड्रियाटिक समुद्राच्या पूर्व काठावर क्रोएशिया हा छोटा देश आहे. १९९१ पर्यंत तो युगोस्लाव्हियाचा भाग होता. त्याच्या किनाऱ्यावरील झादर, शिबेनिक, त्रोगिर, स्प्लिट आणि दुब्रोव्हनिक ही जुनी शहरे पाहायला जगभरातून प्रवासी येतात. ते तटबंदीवर फिरतात, फोटो काढतात आणि परततात. व्यापाऱ्याने आणि कारागिराने मात्र या शहरांकडे जरा थांबून पाहावे. त्यांच्या भिंतींत तिजारतीचा पैसा आणि कारागिरांचा घाम मुरलेला आहे.

चौकातला गज

यांत सर्वात नामांकित दुब्रोव्हनिक. त्याचे जुने नाव रागुसा. १३५८ ते १८०८ अशी साडेचारशे वर्षे हे व्यापाऱ्यांचे लहानसे प्रजासत्ताक होते. मोठी फौज नव्हती, सुपीक जमीन नव्हती. होती ती जहाजे आणि बाजारातली पत.

शहराच्या चौकात १४१८ मध्ये ओर्लांदो नावाच्या योद्ध्याचा दगडी स्तंभ उभारला गेला. त्या पुतळ्याच्या कोपरापासूनच्या हाताची लांबी, म्हणजे सुमारे ५१ सेंटिमीटर, हाच शहराचा कापड मोजण्याचा अधिकृत गज होता. कापडाच्या धंद्यातल्या माणसाला याचे मोल सांगायला नको. गज फक्त दुकानदाराच्या हाती असला की दोन बोटांचा फरक सहज पडतो. तोच चौकात दगडात कोरलेला असला की गिऱ्हाईक स्वतः जाऊन ताडून पाहू शकते.

जवळच स्पोंझा हा वाडा आहे. १५१६ ते १५२२ या काळात बांधलेली ही इमारत म्हणजे शहराचे जकात घर. मधल्या अंगणाभोवती मालाच्या वखारी होत्या. जिथे सरकारी तराजू टांगलेला असे, तिथल्या कमानीवर लॅटिन भाषेत एक लेख कोरलेला आहे. त्याचा आशय असा, की आमची वजने कुणाला फसवू देत नाहीत आणि मी माल तोलत असताना खुदा मला तोलत असतो. लिहिणारे ख्रिस्ती होते; पण सूरह मुतफ्फिफीनमध्ये माप-तोलात खोट करणाऱ्यांना दिलेला इशारा ज्याला ठाऊक आहे, त्याला हा लेख परका वाटणार नाही.

उस्मानी सल्तनतीशी करार

बाल्कन प्रदेश उस्मानी सत्तेखाली आल्यावर रागुसाने लढाई टाळून करार केला. दरवर्षी साडेबारा हजार सोन्याचे दुकात खराज म्हणून इस्तंबूलला जात. बदल्यात रागुसाच्या व्यापाऱ्यांना सल्तनतीच्या मुलखात सवलतीच्या जकातीने व्यापार करता येई. तुर्की भाषा शिकण्यासाठी तरुण मुद्दाम पाठवले जात. हजारो उस्मानी कागदपत्रे आजही तिथल्या दफ्तरखान्यात जपलेली आहेत.

बोस्नियाहून कातडी, लोकर आणि मेण घेऊन काफिले शहराच्या पूर्व वेशीबाहेर येत. तिथे ‘लाझारेती’ नावाच्या इमारती आहेत. साथीच्या भागातून आलेल्यांना काही दिवस वेगळे ठेवण्याचा कायदा रागुसाने १३७७ मध्येच केला होता. पुढे त्यासाठी या पक्क्या इमारती उभ्या राहिल्या. रोगराईच्या दिवसांतही व्यापार बंद पडू नये, हा त्यामागचा हिशेब.

स्प्लिटमध्येही असेच घडले. तिथे रोमन सम्राट डायोक्लेशियनने इ. स. ३०५ च्या सुमारास बांधलेला राजवाडा आहे. पुढे लोकांनी त्याच्या आतच घरे आणि दुकाने थाटली. १५९२ च्या सुमारास दानियल रोद्रिगा या यहुदी व्यापाऱ्याच्या खटपटीने व्हेनिसच्या सत्तेने तिथे मोठी व्यापारी पेठ उघडली. बोस्नियाचे मुस्लिम व्यापारी तिथून जहाजाने व्हेनिसला माल नेत.

दुकान खाली, घर वर

६ एप्रिल १६६७ रोजी भूकंपाने दुब्रोव्हनिक जमीनदोस्त झाले. स्पोंझा मात्र टिकली. त्यानंतर मुख्य रस्ता एका आराखड्याने नव्याने बांधला गेला : खाली दुकान, वर राहणे, आणि आगीच्या भीतीने स्वयंपाकघर सर्वात वरच्या मजल्यावर. दुकानाचे दार आणि खिडकी एकाच कमानीत. खिडकीखालची अर्धी भिंत म्हणजेच गल्ला. मालक आत, गिऱ्हाईक रस्त्यावर.

शिबेनिकचे कॅथेड्रल १४३१ ते १५३५ अशी शंभरावर वर्षे बांधले जात होते. त्याचे छतसुद्धा एकमेकांत बसवलेल्या दगडी फरशांचे आहे. ब्राच बेटावर दगड घडवण्याची शाळा १९०९ पासून चालू असून मुले आजही हाताच्या छिन्नीने काम शिकतात. पाग आणि ह्वार इथली हाताने विणलेली लेस २००९ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली.

तोफा आणि गर्दी

६ डिसेंबर १९९१ रोजी युगोस्लाव्ह सैन्याने दुब्रोव्हनिकवर जबर तोफमारा केला. जुन्या शहरातील दोन तृतीयांशांहून अधिक इमारतींना मार बसला. कारागिरांनी ते पुन्हा उभे केले. तटावरून पाहिले की जुनी फिकट कौले आणि नवी लाल कौले वेगळी दिसतात.

आजचा धोका मात्र वेगळा आहे. १९९१ मध्ये जुन्या शहरात सुमारे पाच हजार माणसे राहत होती. आज त्यांच्या एक तृतीयांशही उरलेली नाहीत. घरे पर्यटकांना भाड्याने गेली आणि रोजच्या गरजेच्या दुकानांच्या जागी आठवणवस्तूंची दुकाने आली. अखेर २०१९ मध्ये नगरपालिकेला प्रवासी जहाजांवर मर्यादा घालावी लागली. भूकंप आणि तोफा सोसलेल्या शहराला भाड्याचा मोह जड जात आहे.

आपल्या बंधूंनी यातून एवढेच घ्यावे. पेठ टिकते ती तिथे राहणाऱ्या माणसांनी, हुनर शिकणाऱ्या मुलांनी आणि खऱ्या मापाने. जुने दुकान विकण्याआधी किंवा भाड्याने देण्याआधी आजचा भाव जरूर पाहावा. पण त्या गल्लीत उद्या गिऱ्हाईक कोण राहील, याचाही हिशेब मांडावा. आणि दुकानातला गज वर्षातून एकदा तरी स्वतः तपासून घ्यावा. बरकत तिथूनच सुरू होते.